पान उघडेपर्यंत

लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभा असलेला तरुण हातातल्या मोबाइलवर भलताच वैतागला होता. पडद्यावर नुसतं पांढरं… आणि मधोमध गरगरणारं चक्र.

"डॉक्टरांची वेळ घ्यायची, तर पान उघडेपर्यंत माणूस आपोआप बरा होईल! कुणी बनवलंय हो हे?"

"मी," ती म्हणाली.

त्याने मोबाइल घाईघाईने खिशात घातला. दोघंही एकाच मजल्यावर उतरली. हा तिच्याच कंपनीत, अ‍ॅपच्या टीममध्ये आलेला नवा माणूस निघाला!

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या टेबलाशी घुटमळू लागला. कधी पानातले फोटो बघू म्हणे, कधी चहा घेणार का विचारी. तिच्या मनात पाल चुकचुकली. अ‍ॅपमध्ये उघडणारी पानं तिच्या टीमची, अ‍ॅप त्याच्या टीमचं. पान उशिरा उघडण्याचं खापर दोन्ही टीम एकमेकींवर फोडत होत्या. वेग वाढला नाही तर पानांचं काम बाहेर देईन, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि डॉक्टरांचे फोटो आपण नको तेवढे मोठे ठेवलेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"गोड बोलून गळा कापायचा बघ," ताई घरी म्हणाली. "जपून राहा."

ती जपून राहिली. तो आला की संगणकाचा पडदा बंद, तो हसला की मान खाली. पण एखाद्या दिवशी तो आला नाही, तर नजर उगाच दाराकडे वळायची… मग तिला स्वतःचाच संशय यायचा.

एका दुपारी तो साहेबांच्या केबिनमध्ये हळू आवाजात बोलताना दिसला. बाहेर येताच तिने त्याला गाठलं.

"केलीस चुगली?"

"केली… आमचीच! बटण दाबल्यावर मग कुठे आमचं अ‍ॅप पान दाखवणाऱ्या ब्राउझरला जागं करतं. तोवर तुझ्या पानाला बोलावणंच जात नाही. आता अ‍ॅप उघडतानाच त्याला उठवून ठेवणार आहे."

"आणि माझे फोटो?"

"जड आहेत. पहिल्याच दिवशी पाहिलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"आधी तुला सांगायचं होतं. रोज यायचो… आणि चहाचं विचारून परत जायचो."

"का पण?"

"सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कोणत्या निमित्ताने आलो असतो? काही काम तर उरायला हवं ना—"

तिने त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. लबाडी शोधली, सापडली नाही. मग आपल्या टेबलाशी जाऊन तिने संगणकाचा पडदा सुरू केला.

"खुर्ची ओढ," ती म्हणाली. "फोटो आजच हलके करू, दोघं मिळून. आणि उद्या… काम नसलं तरी ये."