चौदा नंबरच्या प्लॉटवरून दिसणारं पाणी

माझ्या वयाला आता खोटं सांगून मिळवायचं काही उरलेलं नाही. पंचाहत्तरी उलटली. म्हणून सांगते ते घडलं तसं सांगते. पटलं तर घ्या.

गोष्ट माझ्या धाकट्या जावेची, बाळाबाईची. तिच्याच तोंडून मी ती निदान दहा वेळा ऐकली आहे. दहाही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. अंधाराची नाही. दोन वर्षांपूर्वीचा चैत्र, मंगळवार, दुपारचे चार. जागा बेळगावच्या पश्चिमेला, हिंडलगा ओलांडून डोंगराकडे गेलं की लागणारं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माणसं राहतात, आणि प्लॉट अजून विकले जात आहेत.

आमचं घर वडगावातलं, विणकरांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीत रांगेनं हातमाग होते. खड्ड्यात पाय सोडून माणसं विणायची, आणि पहाटेपासून खट्ट-खट्ट ऐकू यायचं. पुढं यंत्रमाग आले आणि त्या आवाजाचा गोंगाट झाला. बाळाचे यजमान मारुतीराव त्या गोंगाटात पंचेचाळीस वर्षं उभे राहिले. साड्या सुंदर विणल्या. पण कान गेले. शेजारी उभं राहून हाक मारली तरी कळायचं नाही; समोरून ओठ दिसले किंवा कानाशी ओरडलं, तरच कळायचं.

माग विकले त्या दिवशी ते बाळाला म्हणाले, "आता एकच हाय माझं. जिथं आवाज न्हाय, अन् दारातनं पाणी दिसतंय, अशा जाग्यावर चहा पीत बसायचं. मरोस्तवर."

बाळा म्हणाली, "चहा करायला मीच लागनार न्हवं तिथं बी?"

"मग? तुला सोडून जाईन व्हय मी?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

प्लॉट दाखवणारा मष्णू त्याच गावचा. त्यानं आधी एकदा मारुतीरावांना लेआऊट दाखवला होता. चौदा नंबरचा प्लॉट तळ्याकडच्या शेवटच्या रांगेत. पुढं उतार, खाली तळं, तळ्यापलीकडं डोंगर. मारुतीरावांना तिथून हलवेना. पण निर्णय झाला नव्हता आणि गोव्याचं एक गिऱ्हाईक बुधवारी सकाळी तोच प्लॉट बघायला येणार होतं.

म्हणून मंगळवार.

दुपारी मारुतीरावांनी स्कूटी काढली. "मष्णू यायचा न्हाय. आपणच बघून येऊ. तू हो म्हणालीस की त्याला निरोप धाडतो."

मष्णू का येणार नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. बाळानंही विचारलं नाही.

गावात शिरल्यावर बाळाला पहिल्यांदा खटकलं...

गावात कोणीच नव्हतं.

दारं बंद. शेतात माणूस नाही, बैल नाही. कुत्रंसुद्धा नाही.

तिच्या लगेच लक्षात आलं. वार असणार. आमच्याकडं देवीच्या जत्रेआधी गावं वार पाळतात. मंगळवारी, शुक्रवारी शेतात जायचं नाही, मातीला अवजार लावायचं नाही, सगळ्यांनी देवळापाशी जमायचं. वडगावातही आम्ही पाळतो.

गाव संपून लेआऊटचा रस्ता लागतो तिथं दोन कडुलिंब आहेत, रस्त्याच्या दोन अंगांना. त्यांच्यामध्ये जमिनीवर एक दोरा आडवा पडला होता. त्याला लिंबाचे डहाळे बांधलेले.

बाळा विणकराची लेक, विणकराची सून. तिनं चालत्या स्कूटीवरून ओळखलं. कच्चं सूत. खळसुद्धा न दिलेलं.

"अहो, थांबा! काहीतरी बांधल्यालं हाय," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"पडल्यालं हाय, बांधल्यालं न्हाय. वार त्यांचा. आपल्याला काय त्याचं?"

आणि त्यांनी स्कूटी त्या सुतावरून नेली.

वाटेत थांबत-थांबत प्लॉटवर पोचेपर्यंत ऊन पिवळं झालं होतं. चुन्यानं रंगवलेले दगड, मध्ये वाळकं गवत. मारुतीराव थेट टोकाला गेले आणि पाण्याकडं तोंड करून उभे राहिले. बाळाकडं पाठ.

बाळानं मागं वळून बघितलं, तर शेजारच्या पंधरा नंबरच्या प्लॉटवर एक बाई बसली होती.

चटई अंथरलेली. हिरवं इरकली लुगडं. कपाळभर कुंकू. पुढ्यात सूप.

"या आक्का. कुंकू लावून जावा."

बाळाला बरं वाटलं. शेजार आहे म्हणायचा. ती जाऊन बसली. बाईनं हळदी-कुंकू लावलं आणि विचारलं, "इथंच राहनार न्हवं?"

आपण बोलतो तसं बाळा बोलून गेली. "व्हय. आता इथंच."

"दोघं बी?"

"दोघं बी."

बाई हसली. सूप उचलून तिनं बाळाची ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, हिरवा खण. सवाष्णीनं भरलेली ओटी नाही म्हणायची नसते. बाळानं पदर पसरला, घेतली, पदराचं टोक कमरेला खोचलं. मग रीतीप्रमाणं तिनंही बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.

बोट टेकलं, आणि बाळानं ते झटकन मागं घेतलं.

कपाळ गार होतं... हौदात रात्रभर भिजवलेल्या सुताच्या लडीसारखं. गार, आणि आतपर्यंत ओलं.

ती घाईनं उठली. "येते." मारुतीरावांजवळ जाऊन त्यांचा हात ओढला. "चला. बघितलं न्हवं? चला आता."

मागं वळून बघायचं धाडस तिला झालं नाही.

स्कूटी निघाली. लेआऊटचा रस्ता सरळ आहे. दोन मिनिटांत कडुलिंब यायला हवेत.

आले नाहीत.

रस्ता वळला... आणि समोर चुन्याचा दगड. त्यावर लाल रंगात चौदा.

"वाट चुकलासा," बाळा त्यांच्या कानाशी म्हणाली.

"एकच तर वाट हाय. चुकू कशी?"

पुन्हा निघाले. डावीकडं वळले. मग सरळ.

चौदा.

तिसऱ्यांदा बाळानं खाली उतरून चालायला लावलं. ती पुढं, मारुतीराव स्कूटी ढकलत मागं. तिनं डोळे जमिनीवरून काढले नाहीत. खडी, गवत, खडी, गवत...

आणि पायाशी चुन्याचा दगड.

चौदा.

पंधरा नंबरच्या प्लॉटवर आता चटई नव्हती. बाई नव्हती. शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याच्याभोवती तांदूळ सांडले होते.

बाळानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सहा वाजून दहा.

पहिल्या फेरीआधीही तिनं बघितलं होतं. तेव्हाही सहा वाजून दहाच झाले होते.

तिनं वर बघितलं. सूर्य पाण्यावर हातभर उंच होता. मघाशी होता तिथंच. पाणी सोन्यासारखं दिसत होतं, डोंगर निळे झाले होते. इतकं सुंदर की डोळे भरून यावेत. पण पाण्यावर एक लाट नव्हती. एक पाखरू नव्हतं. वारा नव्हता.

चित्र लावल्यासारखं सगळं थांबलं होतं. आणि ती दोघं त्या चित्राच्या आत होती.

"अहो..." ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "मष्णू का आला न्हाय आज? खरं सांगा."

मारुतीरावांनी स्कूटी स्टँडला लावली.

"सांगा म्हणते न्हवं!"

"म्हणाला, आज शेवटचा वार हाय. दिवस मावळायच्या आधी शीव बांधत्यात. सूत बांधलं की उद्या उजाडंपर्यंत आतलं आत, भायेरचं भायेर." ते दगडावर बसले. "पर तो गोव्यावाला आला असता गं सकाळी. गेला असता प्लॉट."

"अन् तुम्ही मला सांगितलं न्हाईसा!"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

बाळा कपाळाला हात लावून उभी राहिली. भांडायलाही ताकद नव्हती. आणि तेवढ्यात तिला दिसलं... मारुतीरावांच्या चेहऱ्यावरची भीती निघून जात होती. ते पाण्याकडं बघत होते. तोंडावर हसू येत होतं.

"बस की बाळे. ह्यासाठीच आलतो न्हवं आपण? किती शांत हाय."

"उठा."

"चहा कर."

"अहो, उठा!"

त्यांनी एकदम मान वळवली. तळ्याच्या बाजूला. कान टवकारून.

ज्यांना शेजारी उभं राहून मारलेली हाक ऐकू यायची नाही, ते मारुतीराव म्हणाले, "कोन हाक मारतंय बघ मला."

बाळाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आलो," मारुतीराव म्हणाले, आणि उठून उताराकडं चालू लागले.

बाळानं त्यांचा सदरा मागून धरला. ओढलं. पण तिचीच कमर पुढं ओढली जाऊ लागली. पोटाशी खोचलेली ओटी... मूठभर तांदूळ आणि एक नारळ. त्याचं वजन आता भरल्या घागरीएवढं झालं होतं. आणि ते वजन उताराच्या बाजूला ओढत होतं.

तेव्हा तिला कळलं. "इथंच राहनार न्हवं?" "व्हय." ती शब्द देऊन बसली होती. आणि ओटी घेऊन तो पक्का केला होता. दोघांचा.

आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघी जावांना चूल दाखवण्याआधी एक गोष्ट शिकवली होती. भरलेली ओटी कधी उलटी करायची नाही. नवऱ्याच्या आयुष्यासाठी भरतात ती. सांडली तर काय सांडलं, हे विचारूसुद्धा नये.

मारुतीरावांचा पाय उतारावर पडला.

बाळानं कमरेचा पदर सोडला, आणि ओटी झटकली.

नारळ आपटला. तांदूळ उधळले. खण गवतात पडला. ती रडत ओरडली, "न्हाय राहनार आम्ही! तुझं तुला! न्हाय राहनार!"

आणि सूर्य पडला.

मावळला नाही, पडला, असं ती म्हणते. दिवा मालवावा तसा अंधार झाला. एकदम वारा सुटला, कुत्री भुंकली, गावातून ढोल ऐकू आला. ती दोघं कडुलिंबांच्या पुढ्यात उभी होती. सूत आता छातीएवढ्या उंचीवर ताणून बांधलं होतं. स्कूटी मागं कुठंतरी राहिली होती.

सुतापलीकडं कंदील घेऊन एक म्हातारा राखणीला बसला होता. भरमू त्याचं नाव, पुजाऱ्याचा भाऊ. तो दचकून उठला.

"आतनं आलासा? आत कोन न्हाय म्हणून तर बांधलं आम्ही. तीनदा हाळी दिली."

"आम्हाला ऐकू न्हाय आलं, आप्पा. जाऊ द्या आम्हाला. पाया पडते."

त्यानं कंदील वर धरला. आधी बाळाचं कपाळ बघितलं. मग कमरेवर सुटलेला पदर.

"ओटी घेतलीसा?"

बाळानं मान हलवली.

"अन् टाकलीसा?"

तिनं पुन्हा मान हलवली.

म्हाताऱ्यानं एकवार मारुतीरावांकडं बघितलं. मग काठीनं सूत वर उचललं. "वाकून या. सुताला शिवू नका. अन् मागं बघू नका."

ती बाई कोण, असं बाळानं विचारलं. त्यानं कंदील खाली ठेवला आणि पाठ करून बसला.

प्लॉट अर्थातच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मष्णूनं स्कूटी आणून दिली, पण दारातूनच गेला. चहालासुद्धा आत आला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

गेली दोन वर्षं मारुतीराव रोज संध्याकाळी गच्चीवर जातात आणि पश्चिमेकडं तोंड करून बसतात. वडगावातल्या गच्चीवरून काय दिसणार? समोर तीन मजली घर, प्लॅस्टिकच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. तरी ते म्हणतात, "पाणी लई छान दिसतंय आज."

बाळा त्यांना घरी एकटं सोडून कुठं जात नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही. मी आता खासबागला राहते, माझ्याकडं यायला वीस मिनिटं लागतात, पण दोन वर्षांत आलेली नाही. मग मीच जाते.

गेल्या मंगळवारी गेले होते. जिन्याच्या दाराला दोन्ही बाजूंना खिळे मारलेले दिसले. त्यांच्यात कच्चं सूत ताणून बांधलेलं. मारुतीराव त्याखालून वाकून वर गेले होते.

"हे गं काय? ते खाली उतरून निघून जाऊ नयेत म्हणून?"

"न्हाय आक्का." ती हळू बोलली. "वरनं कोन खाली येऊ न्हये म्हणून."

मग तिनं मला आत नेलं. ट्रंक उघडली. तळाशी, घडी करून ठेवलेला एक हिरवा खण होता.

गवतात टाकलेला.

मी हात लावला. ओला होता.

"हे कधी आलं?"

"आज सकाळी दिसलं. ह्यांनी आणला म्हणावं, तर हे घराभायेर पडल्यालेच न्हाईत." तिनं माझा हात धरला आणि पुन्हा जिन्यापाशी नेलं. सुताच्या गाठीवर बोट ठेवलं. "आक्का, आपण किती वर्सं सूत जोडलं? तुटलं की गाठ. तुटलं की गाठ. झोपेत बी माझी गाठ मला कळती न्हवं?"

"कळती."

"काल रात्री मी बांधली ती गाठ ही न्हवं."

मी चष्मा लावून बघितली. विणकराची गाठ बारीक असते, सपाट असते, सुतात मिसळून जाते. ही जाड होती. त्या दोन कडुलिंबांच्या मध्ये होती तसली, बाळा म्हणाली. आणि ती दाराच्या आतल्या अंगाला होती. आम्ही उभ्या होतो त्या बाजूला. म्हणजे बांधणारं खालीच होतं, घरात.

मी घड्याळ बघितलं. सहा वाजून दहा.

गच्चीवरून मारुतीरावांचा आवाज आला. खुशीतला. खालून कोणी हाक मारलेली नव्हती. मी नाही, बाळानं नाही.

"आलो," ते म्हणाले. "आलो, आलो. दोघं बी येतो."