दुसऱ्याची खेळी

एकट्याने गेम बनवणाऱ्या माणसाची मोठी अडचण म्हणजे समोर बसायला कोणी नसतं. माझा गेम दोघांनी खेळायचा. नदीच्या दोन काठांवर दोन गावं, मधे एक पूल. लाल गाव पहिल्याचं, निळं दुसऱ्याचं. कॉम्प्युटर एकच, खुर्ची एकच. पहिल्याने आपली खेळी करून बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि अक्षरं उमटतात: ‘आता दुसऱ्याची खेळी. उठा आणि त्याला बसू द्या.’ ही अक्षरं मीच लिहिलीत. सुट्टीच्या दिवशी दोन मित्र एकमेकांना ढोसत, चिडवत खेळतायत, असं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे होतं. मला तसा मित्र नाही, म्हणून चाचणीला दोन्ही गावं मीच खेळायचो.

आणि खेळायचो ते अगदी प्रामाणिकपणे. लालची खेळी झाली की खरंच उठायचो, दार ओढून घ्यायचो, पॅसेजमधून स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायचो, बाल्कनीच्या कठड्याला हात लावायचो आणि मग निळा होऊन परत येऊन बसायचो. तेवढ्या वेळात लालने काय ठरवलंय ते विसरायचं. हसू नका, तीन वर्षं केलंय हे. पॅसेजमध्ये ही आडवी आली की विचारायची, “झालास का दुसरा?”

“थांब, अजून पाणी प्यायचंय,” मी म्हणायचो.

ही म्हणजे माझी बायको. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. सकाळी जाते, दुपारी तीनला येते, येताना मुलीला शाळेतून घेऊन येते. माझा पहिला गेम बरा चालला आणि त्या जोरावर मी नोकरी सोडली. दुसरा तीन वर्षं ‘होतच आला’ होता. शेवटी आमचं ठरलं: मुलीला सुट्टी लागेपर्यंत गेम बाहेर पडून चालला तर ठीक, नाहीतर मी जुन्या कंपनीत परत, लोकांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर लिहायला. ही भांडून बोलली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. पण ती अगदी शांतपणे बोलली, आणि मला त्याचाच धसका होता.

मी काम करतो ती मागची खोली आधी अडगळीची होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. खुर्ची एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेली. तिचा डावा हात सैल, म्हणून मी कायम उजवीकडे रेलून बसतो. उजव्या हातावरचं कातडं माझ्या कोपराने पार झिजलंय.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी लालची खेळी करून उठलो आणि बेल वाजली. कुरियरवाला चुकीच्या मजल्यावर आला होता. त्याला समजावून खाली पाठवण्यात पाचेक मिनिटं गेली. परत आलो तर पडद्यावर अक्षरं होती: ‘आता पहिल्याची खेळी.’

निळा खेळून झाला होता.

मला वाटलं, मीच खेळून विसरलो. एकट्याने काम करून करून डोकं कामातून जातं कधी कधी. पण गेम प्रत्येक खेळीची वेळ लिहून ठेवतो. निळ्याची खेळी अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू झाली होती आणि पाऊण मिनिटात संपली होती. त्या वेळी मी दारात उभा राहून कुरियरवाल्याच्या कागदावरचा पत्ता वाचत होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. प्रोग्राममध्येच घोळ असणार, म्हणून दोन तास कोड उपसला. चूक सापडली नाही.

मग मी नकाशा नीट पाहिला. निळ्याने मधला पूलच तोडला होता. नदीवरचा एकमेव पूल! आणि त्या लाकडांतून नावा बांधायला घेतल्या होत्या. नावा मी गेममध्ये शोभेला टाकल्या होत्या, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. पुढच्या तीन खेळ्यांत माझं सगळं सैन्य तुटलेल्या पुलाशी तोंड वासून उभं राहिलं, आणि निळा खालच्या अंगाने येऊन माझी कोठारं घेऊन गेला.

खरं सांगतो, भीती वाटायला हवी होती. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हे मला का नाही सुचलं? तीन वर्षं ही नदी मी बघतोय. एक-एक वळण मी काढलंय. आणि हा कोण कुठला येतो आणि पाऊण मिनिटात... जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

पुढचे आठ दिवस मी त्याच्याशी खेळलो. सहा डाव, सहाही हरलो. प्रत्येक खेळीला दोन मिनिटांची अट होती, कोपऱ्यात घड्याळ पळायचं. मी विचारी माणूस, मला वेळ लागतो. माझी दोन मिनिटं कायम अपुरी पडायची, त्याने कधी एकसुद्धा पूर्ण वापरलं नाही. एकदा मी मुद्दाम उठलोच नाही. तासभर काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो, काही म्हणता काही झालं नाही. उठून पाणी पिऊन आलो तर खेळी झालेली.

मग फोनचा कॅमेरा लावून ठेवला. चित्रात मी उठतो, जातो, दार लागतं. दहा सेकंदांनी दार उघडून मीच परत येतो. शर्ट तोच, चालणं तेच. बसण्याआधी खुर्ची एक खटका वर करून घेतो आणि डावीकडे रेलतो. त्या वेळी मी बाल्कनीत कठड्याला हात लावून उभा होतो, एवढं मला पक्कं आठवतं. ते चित्र मी पुसून टाकलं. हिला दाखवलं असतं तर तिने मला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टरने पहिल्यांदा गेम बंद करायला लावला असता.

गेम तर आता कुठे उभा राहत होता. नावा मी मुख्य केल्या, पूल तोडायची मुभा ठेवली, आणि थोडा भाग लोकांना फुकट खेळायला दिला. सोबत आमच्यातल्या एका डावाचं रेकॉर्डिंग लावलं. दोन दिवसांत गेमच्या पानावर ही गर्दी! एकाने लिहिलं होतं, ‘निळा कोण आहे? काय डोकं आहे राव! लालवाल्याला मात्र कोणीतरी हाताला धरून शिकवा.’ त्याखाली शेकडो लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. मी ते अकरा वेळा वाचलं. माझा गेम, माझी नदी, माझं पान, आणि कौतुक कोणाचं, तर त्याचं! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हिने फोनवर वाचलं आणि ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “अरे, केवढं छान लिहिलंय लोकांनी! निळा तूच ना?”

“लालही मीच आहे.”

“हो रे. पण निळा...” ती थांबली, हसली, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेली.

आठवडाभरात गेम विकणाऱ्या एका मोठ्या साइटने पहिल्या पानावर जागा देऊ केली. ही म्हणाली, “नोकरीचं आता राहू दे. जमलं तुला.” तीन वर्षं हे वाक्य ऐकायला मी जीव टाकत होतो. ऐकलं, आणि वाटलं, हे माझ्यासाठी नाहीच.

त्यानंतर माझी खेळी झाली की मला पॅसेजमध्येसुद्धा थांबवेना. आतून खुर्चीचा खटका ऐकू यायचा. मी जिने चढून गच्चीवर जायचो, टाकीच्या सावलीत अर्धा-पाऊण तास काढायचो आणि मग खाली यायचो.

एका संध्याकाळी कपडे घड्या घालता घालता ही म्हणाली, “किती दिवसांनी असं हसलो रे आपण आज दुपारी.”

“कधी?”

“आता सोंग करू नकोस. साडेतीनला. तो नावाडी पैज लावून नावेतच झोपतो ते सांगत होतास ना. माझ्या नाकातून चहा यायचा बाकी होता.” तिने माझ्याच शर्टाची घडी मांडीवर ठेवून त्यावर हात फिरवला. “हल्ली तू ऐकतोस माझं. मधेच उठून जात नाहीस. बरं वाटतं.”

साडेतीनला मी गच्चीवर होतो. नावाड्याची गोष्ट मला माहीत नव्हती. ती काय होती, हे तिला विचारायची हिंमत झाली नाही. शिवाय ती चांगली निघाली असती तर?

आमची पिटुकली सात वर्षांची आहे. तिने टेबलावर चित्राची वही उघडी टाकली होती. नदी, नाव, नावेत तीन माणसं. मी म्हणालो, “वा, पाणी किती छान रंगवलंस!”

“मी नाही, दुपारच्या बाबांनी रंगवलं,” ती म्हणाली. “तुम्ही रेषेबाहेर जाता.”

बस्स. मी ठरवलं. एकदा, फक्त एकदा त्याला हरवायचं, आणि मग दोघांनी खेळायचा सगळा भागच गेममधून उपटून टाकायचा. लोक कॉम्प्युटरशी खेळतील. दुसऱ्याला बसायला जागाच ठेवायची नाही. हे आधीही करता आलं असतं, म्हणाल तर एका सकाळचं काम. पण हरून काढलं असतं तर तो पळपुटेपणा झाला असता, आणि मला ते जन्मभर टोचत राहिलं असतं. मला तो हरलेला हवा होता.

तो माझ्यापेक्षा हुशार नव्हता. फक्त झटपट होता. मला पुरेसा वेळ मिळाला की झालं. म्हणून गुरुवारी सकाळी ही आणि पिटुकली गेल्यावर मी दोन मिनिटांची अट काढून टाकली. एक ओळ पुसली, कोपऱ्यातलं घड्याळ गेलं.

मग डाव मांडला. पहिली खेळी करायला मी वीस मिनिटं घेतली, दुसरीला चाळीस. कागदावर नदी काढली, त्याच्या एकेका नावेचा हिशोब केला. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं याचा विचार केला, आणि नेमकं त्याच्या उलट तो करेल असं धरून चाललो. पाचव्या खेळीला त्याच्या तीन नावा बुडवल्या. आठव्या खेळीला माझी माणसं त्याच्या वेशीशी उभी होती. आता तो काहीही करो, पुढच्या खेळीत गाव माझं होतं. मी चारचारदा तपासलं. सुटकेला वाट नव्हती.

मी बटण दाबलं. तीनला पाच कमी होते.

‘आता दुसऱ्याची खेळी. उठा आणि त्याला बसू द्या.’

“बस बाबा, बस,” मी मोठ्याने म्हणालो. उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आज गच्चीवर जायचं नव्हतं. तो हरताना मला इथेच उभं राहायचं होतं.

आत खुर्चीचा खटका वाजला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. एवढा वेळ त्याने कधीच लावला नव्हता. सुचत नाही ना आता, म्हटलं. कसं वाटतं? मला एकट्यालाच हसू फुटलं.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. पिटुकली दप्तर फेकून पॅसेजमधून धावत आली.

“पिटुकले,” मी म्हणालो.

ती माझ्या अंगाला घासून पुढे गेली. वर पाहिलंसुद्धा नाही. तिने दार ढकललं आणि ओरडली, “बाबा!”

“आलीस?” आतून माझा आवाज आला.

थोड्या वेळाने ही आली, हातात दोन कप. माझ्यासमोरून गेली. चहाची वाफ माझ्या तोंडावर आली. मी तिला हाक मारली. तिने पायाने दार लोटलं आणि आत जाऊन खिडकीशी टेकून बसली.

दार अर्धं उघडं राहिलं होतं. मला आत जायला कोणी अडवलं नव्हतं. पण खेळी त्याची होती, आणि त्याची खेळी चालू असताना मी आत जात नाही. तीन वर्षं कधीच गेलो नाही. पाय उचललाच जाईना.

मला पडदा दिसत होता. माझी माणसं त्याच्या वेशीशी तशीच उभी होती. तो डावीकडे रेलून बसला होता, पिटुकली त्याच्या मांडीवर. त्याचे दोन्ही हात कपाभोवती होते. तो नकाशाकडे पाहतही नव्हता.

हिने पडद्याकडे मान वळवली. “तुझी खेळी आहे ना रे? खेळ की.”

“काय घाई आहे?” तो म्हणाला. “वेळेची अट काढून टाकलीय.”

ही हसली. मग पॅसेजमधून गार वारा येतोय म्हणाली, आणि उठून तिने दार लावून घेतलं.