दीड स्वर खाली

"जरा उठता का? तुम्ही माझ्या व्हायोलिनांवर बसला आहात."

मी हॉट डॉगचा घास तोंडात तसाच ठेवून वर पाहिलं. टोलेडोच्या त्या नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी, जिथे ट्रकमधलं सामान उतरतं, तिथे एक उंच माणूस उभा होता. एप्रिलचा पाऊस नदीकडून आडवा येत होता आणि त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर थेंब होते. पुसायचे सोडून तो त्यांच्या आडून माझ्याकडे बघत होता.

"या खोक्यात व्हायोलिनं?"

"त्यांचे कागद. बारा वादकांचं नोटेशन." तो थांबला. "आणि आता... थोडं मस्टर्डही."

मी उठले. कोपऱ्यावर खरंच पिवळा डाग पडला होता. "सॉरी. ग्रेटा कोवाच. हार्लनच्या गिटारी मी सांभाळते."

"ओवेन पार्डी. लिहिणारा." त्याने डाग बोटाने पुसला आणि ते बोट चाटलं. "मस्टर्ड चांगलं आहे."

रविवार होता, सकाळचे पावणेनऊ. दुपारी दोन वाजता हार्लन टिबेट्सला राज्याचं संगीतपदक मिळणार होतं आणि टीव्हीवर ते थेट दिसणार होतं. वय शहात्तर. गावातल्या एका पुलाला त्याचं नाव आहे, शाळेच्या बँडच्या खोलीला आहे, एका सँडविचलाही आहे. पदकानंतर तो एकच गाणं म्हणणार होता, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं, त्याचं सगळ्यांत गाजलेलं. मागे शहराच्या वाद्यवृंदातले बारा जण.

ओवेनने वरचा कागद काढून दाखवला. अक्षर सुरेख होतं. "रेकॉर्डवरून एकेक सूर ऐकून उतरवलं. तीन आठवडे लागले."

मी पहिली ओळ वाचली. पट्टी जुनीच होती.

"रेकॉर्डवरून?"

"आयोजकांनी तेवढीच पाठवली. का?"

आता हे सांगायचं कसं? आमच्यात हे कोणी मोठ्याने बोलत नाही. दर काही वर्षांनी हार्लनचा आवाज थोडा उतरतो आणि आम्ही गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतो. गिटारी मी लावते, ड्रमवाला डोळे मिटून घेतो, श्रोत्यांना पत्ता लागत नाही. असं तीनदा झालं. आयोजकांनी पट्टी विचारली तेव्हा मी मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं.

"तो आता दीड स्वर खाली गातो," मी म्हणाले. "या पट्टीत गायला गेला, तर दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज फाटेल. सगळ्या देशासमोर."

ओवेनने चष्मा काढला. मला वाटलं, ओरडेल. ओरडायचा हक्क होता त्याला.

"हे तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी ठाऊक होतं?"

"हो. चूक माझी आहे."

"बरं," तो म्हणाला. "पेन्सिल आहे?"

कार्यक्रमाची दिग्दर्शिका लोइस हिला कळलं तेव्हा तिने दोन मिनिटांत निकाल दिला. जुनी रेकॉर्ड वाजवायची, हार्लनने नुसते ओठ हलवायचे.

"चालेल," हार्लन म्हणाला. खुर्चीत बसून तो बोटांचे दुखरे सांधे चोळत होता. "सगळेच करतात."

"नाही चालणार," मी म्हणाले.

"पोरी, पदक मला मिळतंय की तुला?"

"तुम्हाला. त्या रेकॉर्डला नाही." मी लोइसकडे वळले. "बारापर्यंत वेळ द्या. बाराला तालीम. नाही जमलं तर मी स्वतः रेकॉर्ड लावीन."

लोइसने घड्याळ पाहिलं. "बारा म्हणजे बारा."

ओवेनने पियानोच्या झाकणावर कागद पसरले. शेजारी बसून मी दौऱ्यावरच्या सातही गिटारी लावत राहिले.

"संगणक एका क्षणात पट्टी बदलतो ना?" मी विचारलं.

"बदलतो. पण ही ओळ बघा." सुरुवातीची ती धून, लोक रस्त्याने गुणगुणतात ती. "व्हायोलिनच्या सगळ्यांत खालच्या मोकळ्या तारेवर सुरू होते. त्याच्या दीड स्वर खाली व्हायोलिनमध्ये काहीच नाही. लाकूड आहे फक्त."

"चेलोला द्या."

"चेलोवर ती शोकसभा वाटते."

"व्हायोला?"

"दोनच आहेत. ड्रमखाली चिरडतील." त्याने माझ्याकडे पाहिलं, नको इतकं सावकाश. "सूचना छान आहेत, मिस कोवाच. आणखी आहेत?"

"तुमच्या कानाला शाई लागलीये."

"ही सूचना आहे?"

"बातमी आहे."

तो हसला आणि दुसरा कान पुसला. मग मीच रुमालाने शाई पुसली. शाई थोडीच होती, वेळ मात्र लागला.

अकराला सगळं झालं होतं. उरली होती तेवढीच एक ओळ. माझी शेवटची गिटार लागली, नेहमीसारखी मी वाजवून तपासली आणि ठेवली. ओवेनची पेन्सिल थांबली होती.

"सकाळपासून ही सातवी वेळ," तो म्हणाला.

"कसली?"

"प्रत्येक गिटार लावून झाली की तुम्ही तीच धून वाजवता. बरोबर दीड स्वर खाली. आणि..." त्याने शब्द शोधला. "रेकॉर्डपेक्षा बरी."

"ती तपासणी असते."

एक कोरा कागद ओढून तो लिहू लागला. पाच मिनिटांनी कागद माझ्यासमोर आला. डाव्या कोपऱ्यात, जिथे वाद्याचं नाव लिहितात, तिथे वाद्य नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ग्रेटा.

"मी स्टेजवर जात नाही, ओवेन. मी मागे असते."

"ठाऊक आहे."

"सात वर्षांत एकदाही गेले नाही."

"तेही दिसतंय." त्याने कागद मागे घेतला नाही. "पण ही ओळ दुसऱ्या कोणाच्या नावाने लिहायला... मला जमलं नाही."

माझे कान तापले. मी कागद उचलला.

बाराला तालीम झाली. हार्लन मान तिरकी करून ऐकत राहिला. "सात वर्षं मला वाटायचं, मागे कोणीतरी रेडिओ लावतं," तो म्हणाला. लोइसने रेकॉर्ड पिशवीत घातली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी उजेडात गेले. समोरचं काही दिसत नव्हतं. डावीकडे, पडद्याच्या कडेला, ओवेन उभा होता. मी त्याच्याकडे बघून गिटारवर पहिला सूर छेडला. हार्लनचा आवाज आला. जाड, खरखरीत, पण न फाटलेला. शेवटच्या ओळीला सभागृह उभं होतं.

गळ्यात पदक घेऊन तो माइकपाशी आला. "हे गाणं आता दीड स्वर खाली आलंय," तो म्हणाला. "मीही. तक्रार असेल त्यांनी या पोरीकडे करावी." लोक हसले, आणि मग बराच वेळ कोणी बसलंच नाही.

पाचला आमचा ट्रक बफेलोला निघणार होता. पाऊस थांबला होता. ओवेन कागद बांधत होता, गरजेपेक्षा हळू.

"हार्लनची एकूण गाणी किती?" त्याने विचारलं.

"एकशे बारा."

"आणि सगळी लिहिलेली आहेत जुन्याच पट्टीत."

"हो."

"तो गातो तशी कोणीतरी लिहून ठेवायला हवीत. नंतर कोणाला कळणार?" तो दोरीच्या गाठीशी बोलत होता. "सोबत फिरावं लागेल. घाई केली तर दोन महिने..."

"ओवेन, इकडे बघ."

त्याने पाहिलं.

"गाणी लिहायला माणूस हवाच आहे, ते मी हार्लनला सांगते. पण मी तुला त्यासाठी बोलवत नाहीये. मला तू आवडतोस. सकाळी तू ओरडला नाहीस, पेन्सिल मागितलीस, तेव्हापासून."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, नीट, माझं चुंबन घेतलं. ट्रकमधून हार्लनने भोंगा वाजवला, तरी आम्ही घाई केली नाही.

"दोन महिन्यांत होईल?" मी विचारलं.

"एकशे बारा गाणी?" तो म्हणाला, आणि कागदाचं खोकं उचलून ट्रकमध्ये चढवलं. "छे. नाव काढू नकोस."