पाकळ्यांच्या आत पाकळ्या

रोपघराच्या दारात दोघांची टक्कर झाली, तेव्हा तिच्या हातात रोपांचा ट्रे होता आणि त्याच्या हातात पाना. ट्रे वाचला, पाना तिच्या पायावर पडला. शीतयंत्र दुरुस्त करायला आलेल्या त्या मिस्त्रीने माफी मागितली, ती रोपांची. संशोधिकेला हे आवडले.

मग तो यंत्र धडधाकट असतानाही तपासायला येऊ लागला. एकदा त्याने विचारले, या फुलांत पाकळ्यांच्या आत पाकळ्याच का? तिने समजावले, की फुलाच्या मध्यावरच्या पेशींना ‘आता पाकळ्या पुरे, बीजकोश घडवा’ असा निरोप पाठवणारे जनुक या रोपांत मोडले आहे. म्हणून फूल फुलतच राहते. बी धरत नाही.

“म्हणजे नुसतं नटणं,” तो म्हणाला.

“माझी आत्या म्हणते, मी जरा नटायला शिकावं.”

“आत्याबाईंना चष्मा लागलाय...”

तिने मान खाली घातली आणि सूक्ष्मदर्शकात, काच रिकामी असूनही, बराच वेळ पाहिले.

साठवणीतले जुने बी उगवेनासे झाले होते. ट्रेमधली पिढी शेवटची. संशोधिका बैठकीला गेली असताना यंत्र बंद पडले. शेजारच्या थंड कपाटात मोजक्याच कुंड्या मावणार होत्या. मिस्त्रीने धावपळ करून भरगच्च फुलांची रोपे आत ठेवली. चार पाकळ्यांची साधी भावंडे बाहेर राहिली, करपली.

ती परतली तेव्हा तो घामाने निथळत हसत होता. खोटे बोलणे सोपे होते. तिला ते जमले नाही. मोडके जनुक स्वतःत दडवून पुढच्या पिढीला देणारी रोपे ती साधीच होती, हे तिने सांगितले. वाण संपला होता, आणि तिचे तीन वर्षांचे काम.

करपलेल्या रोपांच्या कोवळ्या शेंगा त्याने एकेक करून उघडल्या. आतले बी पांढरे, पोचट. तरी दोघांनी पेरले.

तो रोज सकाळी येई, माती ओलवून जाई. कुंड्यांत काही उगवले नाही.

“यंत्र ठीक आहे,” अखेर ती म्हणाली. “आणि हे बी उगवणार नाही. तुम्हाला कळलंय ते.”

“पहिल्या आठवड्यातच कळलं.”

“मग येता कशाला?”

“तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत, म्हणून—” तो अडखळला. “आता मीही खोटं सांगत नाही. मी रोपांसाठी येत नाही.”

तिने रिकाम्या कुंड्या बाजूला सारल्या. टेबलावर चहाच्या दोन पेल्यांपुरती जागा झाली.