किल्ल्यातले पिवळे ठिपके

"बुरूज अजून बोटभर उंच हवा," राही म्हणाली, "नाहीतर खालच्या आळीचा किल्ला आपल्यापेक्षा मोठा दिसेल."

"उंचीला कोण विचारतो? तटबंदी बघतात," गौरव किल्ल्यावर पाणी शिंपडत म्हणाला. "आणि असली तटबंदी आख्ख्या पावस गावात नाही."

वेद गालातल्या गालात हसला. तटबंदीचे ते काळे, चपटे दगड त्यानं एकट्यानं आणले होते. त्याची आत्येबहीण राही मुंबईहून दिवाळीच्या सुट्टीसाठी यायच्या आधीच. शेजारच्या गौरवनं विचारलं तेव्हा "परसातले आहेत" असं सांगून तो मोकळा झाला होता. खरं तर दगड सड्यावरचे होते. गावामागच्या त्या उघड्या कातळावर एकट्यानं जायचं नाही, अशी आप्पांची, म्हणजे आजोबांची, सक्त ताकीद होती. तिथे दगडाखाली फुरसं असतं, आणि फुरसं चावलं की धडगत नसते.

फुरसं काही निघालं नव्हतं. एक पाल तेवढी निघाली. घाबरून शेपूट टाकून पळाली, आणि ते तुटकं शेपूट गवतात वळवळत राहिलं. वेदला तेव्हा केवढं हसू आलं होतं!

इतक्यात फाटक वाजलं आणि मनस्विनीताई आत आली. ती मूळची अलोऱ्याची. सड्यावरच्या पालींचा अभ्यास करायला तीन वर्षं आप्पांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. एरवी आल्या आल्या मुलांची थट्टा करणारी ताई आज पायरीवर मटकन बसली.

"माझे दगड नेले कुणीतरी," ती म्हणाली.

आप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "अगो, सड्यावर दगडांना काय तोटा?"

"ते माझ्या ओळखीचे दगड होते, आप्पा. कुठल्या दगडाखाली कुठली पाल राहते, तिची पिल्लं जगली का, हे मी तीन वर्षं बघतेय. आपल्या सड्यावरची पाल खाडीपलीकडच्या सड्यावर जात नाही, तिकडची इकडे येत नाही. हजारो पिढ्या अशा वेगळ्या राहिल्या की एकाच घराण्याची दोन कुळं होतात. ती कशी होतात तेच मला शोधायचंय. प्रत्येक दगडाच्या पोटाला मी पिवळा ठिपका आणि आकडा काढला होता."

वेदची नजर तटबंदीकडे गेली. ठिपके त्यानं पाहिले होते. रस्त्याच्या मोजणीवाल्यांनी काढले असतील, असं स्वतःला समजावून त्यानं काथ्यानं दगड घासले होते. आकडे निघून गेले. ठिपके जाईनात, म्हणून ती बाजू त्यानं आत, मातीत दाबली होती.

"एवढं शिकून पाली मोजतेस," आप्पा म्हणाले. "बँकेत लागली असतीस तर?"

या प्रश्नाला ताईचं उत्तर ठरलेलं असे: "बँकेत पाली कमी असतात हो!" आज ती हसली नाही. "पुढच्या महिन्यात आमचे सर काम बघायला येणार आहेत. हा शेवटचा हंगाम. दगड गेले तर तीन वर्षं पाण्यात."

"आपण चोर पकडू," राही ताडकन उठली. "वेद, तू आमचा म्होरक्या. गावाची खडान्‌खडा माहिती तुलाच."

नाही म्हटलं तर संशय आला असता. वेद म्होरक्या झाला.

ताईबरोबर, हातात काठ्या घेऊन तिघं सड्यावर गेले. पावसाळ्यानंतरचं गवत पिवळं पडू लागलं होतं आणि जिथून दगड उचलले होते तिथे लाल मातीचे उघडे ठसे दिसत होते. वेदला तिकडे बघवेना.

"इकडे या," गौरवनं हाक मारली. "चाकाचा माग आहे. एकच चाक."

मऊ मातीत खोल चर उमटला होता. वेद पुढे झाला आणि वाकून बघण्याचं निमित्त करून त्यानं तो पायानं पुसला. पण पुढेही माग होताच.

"एका चाकाची गाडी कुणाकडे असते?" राहीनं विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "गडगा घालणाऱ्याकडे."

आप्पांच्या आंबेबागेभोवती दगडांचा गडगा रचायचं काम रघूकाका करत होते. त्यांची गाडी तिथेच उभी होती, शेजारी दगडांची रास. राहीनं धावत जाऊन आप्पांना बोलावून आणलं. आप्पांनी गाडी पाहिली, रास पाहिली, आणि त्यांचा पारा चढला.

"रघू, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"आप्पा, हे पऱ्यातले दगड हायत. ओढ्याच्या पाण्यानं गोल झालेत. हातात घेऊन बघा तरी."

आप्पांनी बघितलं नाही. "काम थांबव. उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणून ते वळले.

रघूकाकांनी एकदा गाडीकडे पाहिलं आणि मग वेदकडे. "गाडी नेऊ का जरा?" असं विचारून वेदनं त्यांच्याकडूनच ती नेली होती. आता काका बोलतील, या भीतीनं वेदचे कान तापले. पण काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी घमेलं गाडीत टाकलं आणि ते निघून गेले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. वेदला स्वतःची इतकी लाज वाटली की पानातली आवडती चकली त्याला मोडवेना. राही आणि गौरव "चोर पकडला" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते, आणि प्रत्येक टाळीसरशी वेद खाली बघत होता.

दुपारी किल्ले बघायला मंडळाचे परीक्षक आले. आप्पा मंडळाचे अध्यक्ष, पण नातवंडांचा किल्ला म्हणून मुद्दाम मागे उभे राहिले होते. नाचणीची रोपं तरारली होती, मावळे पहाऱ्याला होते.

"वा! तटबंदी म्हणावी तर अशी," परीक्षक म्हणाले. "दगड कुठले रे बाळ?"

आप्पा कौतुकानं हसत होते. ताई खोलीच्या दारात उभी होती. वेदनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"सड्यावरचे," तो म्हणाला.

आणि वाकून त्यानं तटाचा तळचा दगड ओढून काढला. बुरूज ढासळला, मावळे चिखलात कोसळले. राही किंचाळली. वेदनं दगड उलटा करून सगळ्यांसमोर धरला. चिखल निथळला आणि पिवळा ठिपका दिसू लागला.

"ताईचे दगड मी नेले. गाडी रघूकाकांची होती, पण मी मागून नेलेली. त्यांना काही माहीत नव्हतं. आणि तो माग मी पायानं पुसला." एवढं बोलून त्याला रडू फुटलं.

कुणी रागावलं नाही. आप्पांनी पायात चपला घातल्या, वेदचा हात धरला आणि थेट रघूकाकांचं अंगण गाठलं.

"रघू, न बघता बोललो. चुकलो," आप्पा म्हणाले. गावात एवढा मान असलेला माणूस हात जोडून उभा होता, तोही आपल्यापायी. वेदला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"तुम्ही का नाही सांगितलंत, काका?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबलो व्हतो," रघूकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे दगड त्याच गाडीतून सड्यावर गेले. आता कुठला दगड कुठला? आकडे तर वेदनंच घासून टाकले होते. ताई डोक्याला हात लावून बसली. तेव्हा वेदला ते लाल ठसे आठवले, ज्यांच्याकडे त्यानं बघायचं टाळलं होतं.

"ताई, दगडाची जागा दगडाच्याच आकाराची आहे. जो जिथे बरोबर बसेल तो तिथला."

सगळे कामाला लागले. काही दगड चटकन बसले, काही पुन्हा पुन्हा फिरवावे लागले. आप्पासुद्धा गुडघे टेकून दगड फिरवत होते आणि "अगो, हा इथलाच बघ" म्हणून ताईला बोलावत होते. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे आपापल्या जागी गेले.

"सरांना दाखवण्याजोगं उरलं बाई," ताई म्हणाली. "वेद, तुला ठसे सुचले नसते तर काही खरं नव्हतं."

"शाब्बास रे," आप्पांनीही पाठ थोपटली.

"मी नसतो तर दगड हललेच नसते," वेद म्हणाला. ती शाबासकी त्याला घेववत नव्हती.

आठवड्यानं ताईनं त्याला रंगाचा डबा आणि कुंचला देऊन बरोबर नेलं. आकडे पुन्हा घालायचे होते. पहिला दगड ताईनं काठीनं जरा उचलून आत पाहिलं, आणि वेदला खुणेनं जवळ बोलावलं.

खाली एक पाल चिकटून बसली होती. परत आली होती ती. शेपटीच्या जागी नुसतं थोटूक होतं.

गवतात वळवळणारं ते शेपूट वेदच्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्यावर हसणारा स्वतःचा आवाजही. त्यानं कुंचला बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी दगड धरून, तिला धक्का लागणार नाही इतक्या हळू, त्यानं तो जागेवर टेकवला.