अडचणीचं नाव

उदयसिंगनं घरातली एकुलती एक खुर्ची लिंबाखाली मांडली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं दोनदा पुसली, आणि स्वतः मात्र समोर पालथ्या घमेल्यावर जाऊन बसला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या रंजीतानं चौकट घट्ट धरली. चौदा वर्षं झाली होती तिला या घरात सून म्हणून येऊन... त्या खुर्चीवर सासऱ्याखेरीज दुसरं कुणी बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"सांग तुह्या सुनेले," उदयसिंग बायकोला म्हणाला. "खुर्चीवर बस म्हणा. इंटरव्ह्यू हाय."

सुंदरबाई ओट्यावर बसली होती, आपला लुळा डावा हात मांडीवर घेऊन. "माय वो, तीन हातावर तं उभी हाये ते," ती म्हणाली. "तुमीच सांगा ना."

पण कसं सांगणार? बंजाऱ्यांच्या तांड्याची रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर घुंगट हनुवटीपर्यंत ओढायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, आणि त्याचं नाव तर मेलं तरी ओठांवर आणायचं नाही. काही सांगायचंच झालं तर ते सासूला सांगायचं, सासू नसेल तर भिंतीला. आणि गंमत अशी, की हीच दोघं एक कोयता होती! ऊसतोडीला कोयता म्हणजे जोडी. एकट्या माणसाला मुकादम नेत नाही. रंजीताचा नवरा देवानंद टोळीचा ट्रॅक्टर चालवायचा, सासूचा हात लग्नाच्याच वर्षी गेला, मग सासऱ्याच्या जोडीला सून उभी राहिली. तो तोडायचा, ती मागं मोळ्या बांधायची. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, चौदा हंगाम, आणि दोघांत शब्द एक नाही. म्हाताऱ्याला तहान लागली की तो कोयत्याची पाठ बुडख्यावर दोनदा वाजवायचा, ठक् ठक्, की ती मुकाट पाणी आणून ठेवायची.

आता जवळच्या अनसिंगला एका संस्थेनं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह काढलं होतं. आईबाप उसाच्या फडावर गेले की मुलांनी गावातच राहून शाळा शिकावी म्हणून. तिथं मुलांना सांभाळायला एक ताई हवी होती, बारावी झालेली, आणि रंजीता बारावी झालेली होती. उद्या वाशिमला मुलाखत. सोमवारी मुकादमाची गाडी निघणार. काम मिळालं तर ती आणि तिची निकिता इथंच राहणार. नाही मिळालं तर सातवीतली ती पोर पुन्हा पाच महिने दप्तर बांधून फडावरच्या पाचटाच्या कोपीत बसणार, आणि औंदा तिच्या हातात मोळीचा बंद आल्याशिवाय राहणार नाही, हे रंजीताला पुरतं ठाऊक होतं.

महिनाभर तिनं तयारी चालवली होती. देवानंदच्या मोबाइलवर बघून बघून ती ज्वारीच्या कोठीसमोर उभी राहून बोलायची, ताठ मानेनं, खणखणीत आवाजात. "नमस्कार सर, माझं नाव रंजीता देवानंद राठोड..." आणि ओसरीत म्हातारा खोकला की तिचा आवाज विहिरीत पडल्यासारखा गडप व्हायचा. ते त्यानं ऐकलं होतं. एकदा नाही, रोज ऐकलं होतं.

उदयसिंगनं घसा खाकरला आणि तो प्रथमच सरळ तिच्याकडं वळून बोलला. "हे पाहाय. घरात आपण गोरमाटी बोलतो, तिथं मी तुहा सासरा. पण इंटरव्ह्यू मराठीत हाय. मराठीत मी तुहा कोणी नाही, साहेब हाय. तिथं म्हातारे मानसं बसतीन, त्याइच्यासमोरबी तू घुंगट ओढशीन काय? माह्यासमोर बोलली तं कोनाहीसमोर बोलशीन. ये, बस."

रंजीता आली. खुर्चीच्या कडेवर टेकली, उठायच्या तयारीत असल्यासारखी.

"पाठ टेकव."

तिनं पाठ टेकवली.

"घुंगट काढ."

हात उचलेना. सासूकडं तिनं पाहिलं, सासूनं डोळ्यांनीच हो म्हटलं, आणि रंजीतानं ओढणी मागं सारली. चौदा वर्षांत सासऱ्यानं सुनेचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. उन्हानं रापलेलं, गालावर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे असलेलं. तो क्षणभर खाली पाहत राहिला, मग सावरून त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. रंजीता बोलत गेली, आधी दबकत, मग जरा मोकळी. मग त्यानं विचारलं, "बारावीले एवढे चांगले मार्क. मंग समोर काहून नाही शिकली?"

"घरगुती अडचणीमुळं, सर." हे उत्तर तिनं पाठ केलं होतं.

"अडचणीचं नाव सांग."

रंजीतानं ओढणीचं टोक मुठीत धरलं. ओट्यावर सुंदरबाईची बांगडी वाजली आणि थांबली.

"मी साहेब हाय," उदयसिंग म्हणाला. "साहेब खोदून खोदून विचारन. अडचणीचं नाव सांग."

"तुमाले... तुमाले ठाऊक हाय."

"मले ठाऊक हाय. तुह्या तोंडून आयकाचं हाय."

तिच्या मनात काय काय दाटून आलं! लग्नाच्या मांडवात या माणसानं तिच्या बापाच्या हातावर हात ठेवून दिलेला शब्द, पोरीले शिकवू म्हणून... डी.एड.ला नंबर लागल्याचं ते पत्र, जे तिच्यापर्यंत वेळेत पोचलंच नाही... आणि फडावरच्या त्या पहाटा, दवानं भिजलेला ऊस, डोक्यावरची मोळी, आणि पुढं चालणारी ती वाकलेली पाठ, जिच्याकडं बघत तिनं आपली अख्खी जवानी मुकाट्यानं वेचून टाकली होती.

"उदयसिंग," ती म्हणाली. "अडचणीचं नाव उदयसिंग राठोड."

सुंदरबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रीत मोडली होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"वाशिमच्या कॉलेजचं पत्र आलं होतं," रंजीता बोलतच राहिली, गालांवरून पाणी वाहत होतं तरी आवाज सरळ होता. "पोस्टमननं त्याइच्या हातात देल्लं. कोयत्याले जोडी पाह्यजे होती, म्हून त्याइनं ते छपरात खोचलं. तारीख निघून गेली."

उदयसिंगची नजर छपराकडं गेली. "पत्राचं... तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. पह्यल्या हंगामाहून आलो, छप्पर शाकारलं, तवा सापडलं. वाचलं अन् परत तिथंच खोचून देल्लं."

"अन् तरी तू..." म्हातारा म्हणाला. "ठाऊक असून तू तेरा हंगाम माह्या मांगं मोळ्या बांधल्या? पानी पाजलं मले?"

"सासूबाईचा हात गेलता. तुमी एकटे पडले असते. दुसऱ्या कोनाले ठाऊक झालं असतं तं तांड्यात तुमची मान खाली गेली असती. पण लय राग होता, सर. एकेका मोळीले राग बांधला मी."

उदयसिंग घमेल्यावरून उठला. मग तो तिथंच मातीत बसला, दुपट्टा तोंडाशी धरून, आणि हमसून हमसून रडला. पत्र खोचलं त्या दिवसापासून त्याला गाढ झोप अशी लागली नव्हती. कुणीतरी आपलं नाव घेऊन दोष द्यावा, म्हणजे तरी माफी मागता येईल, याची तो चौदा वर्षं वाट पाहत होता. आणि दोष देणारी तर घुंगटाआड गप्प होती.

"माफ कर, पोरी," शेवटी तो म्हणाला.

रंजीता खुर्चीवरून उठायला लागली तसा त्यानं हात वर केला. "उठू नको. बसून राय. साहेब रडला तरी उठाचं नाही."

दुसऱ्या दिवशी वाशिमला तो तिच्यासोबत गेला. ऑफिसच्या व्हरांड्यात बाक होता, पण सवयीनं तो भिंतीशी उकिडवा बसला. अर्ध्या तासानं दार उघडलं. रंजीता बाहेर आली, उघड्या चेहऱ्यानं, आणि तिच्यामागं संस्थेच्या बाई.

"रंजीताताईंनी कोपीतल्या लेकरांचं जे सांगितलं ना, तसं आजवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून त्या येतील. घरची काही अडचण नाही ना?"

उदयसिंग हात जोडून उभा राहिला. "अडचण मीच होतो, बाई," तो म्हणाला. "आता नाही."

सोमवारी तांड्यावर मुकादमाची गाडी आली, भोंगा वाजला, बिऱ्हाडं चढली. देवानंद ट्रॅक्टर घेऊन पुढं गेला. उदयसिंग गेला नाही. त्याची जोडी मोडली होती, एकट्याला कोण नेणार? औंदा इथंच शेळ्या पाहीन म्हणाला, आणि कोयता गोणपाटात गुंडाळून त्यानं आढ्याला टांगला. चाळीस वर्षांत हंगामाला गाव न सोडल्याची ही त्याची पहिली खेप. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला, हे रंजीतानं पाहिलं.

निकिताला शाळेकडं लावून ती अनसिंगच्या रस्त्याला लागली. फाट्याशी पोचली असेल-नसेल, तोच मागून आवाज आला. ठक् ठक्. काठी दगडावर दोनदा वाजली होती.

सवयीनं तिची पावलं थांबली, हात पाण्याच्या बाटलीकडं गेला, आणि बाटली घरीच राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं. ती वळली. म्हातारा धापा टाकत येत होता, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तिची बाटली. आज पाणी त्यानं आणलं होतं.

"बेटी, पाणी विसरली तू," तो म्हणाला. मराठीत नव्हे, आपल्या घरच्या बोलीत.

आणि रंजीतानं, घुंगट न ओढता, त्याच बोलीत त्याला उत्तर दिलं, "आधी तुम्ही दोन घोट घ्या, बापू. दमलात."