पाच नंबरचा पाय

पडून राहिलेला माणूस रोज थोडा थोडा वितळतो, हे भुवना दहा वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना समजावत आली होती. तंजावूरच्या त्या इस्पितळात अतिदक्षता विभागाची फिजिओथेरपिस्ट तीच. व्हेंटिलेटर असो, नळ्या असोत, सकाळी गुंगीचं औषध कमी झालं की हातपाय हलवून घ्यायचे, जमेल त्याला खाटेच्या कडेला बसवायचं. आता चार नंबरच्या खाटेवर तिचे स्वतःचे वडील होते आणि तिची सगळी हुशारी पळाली होती.

वरुणराव महसूल खात्यातून निवृत्त झालेले. घरात मराठीच, तमिळ उंबऱ्याबाहेर, हा त्यांचा कायदा. म्हणून भुवना इथेही त्यांच्याशी मराठीतच बोले. शुक्रवारपर्यंत त्यांनी एकही सूचना पाळली नाही तर फारशी आशा धरू नका, असं डॉक्टर सत्यनारायण सोमवारीच सांगून गेले होते.

"अप्पा, उजवा पाय वरी करा."

अप्पांचा पाय हलला नाही. शेजारच्या पाच नंबरचा उचलला गेला.

तिथे पापनाशमच्या वासुकीअम्मा होत्या. जन्म भातशेतीत गेलेला, मराठीचा गंध नाही, आणि त्याही बेशुद्धच. योगायोग असेल अक्का, असं नर्स लावण्या म्हणाली. भुवनालाही तेच हवं होतं. तिने अप्पांना डावा हात उचलायला सांगितलं. वासुकीअम्मांचा डावा हात वर आला.

मंगळवारी तिने मधला पडदा ओढला, अप्पांच्या कानाशी तोंड नेलं आणि पाय उचला असं नुसती कुजबुजली. लावण्या पलीकडे वासुकीअम्मांच्या खाटेशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "हलला."

बुधवारी "बसा" म्हटल्यावर वासुकीअम्मा उठून बसल्या. डॉक्टर खूश झाले, भुवनाची पाठ थोपटली. गुरुवारी अम्मांची नळी निघाली. अप्पांच्या मांड्या मात्र काठ्यांसारख्या झाल्या होत्या. भुवनाला त्या बाईचा राग आला, आणि रागाची लाजही वाटली. गप्प बसावं तर अप्पांना हाक कोण मारणार?

शुक्रवारी वासुकीअम्मांना वॉर्डात हलवायचं ठरलं. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी भुवनाचं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बसलेल्या घशातून आवाज फुटत नव्हता. धरलेला हात त्या सोडेनात.

भुवनाने त्यांचं एकेक बोट सोडवलं.

तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा आला, बस कंडक्टर. खुर्चीवर वाकून तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, चल, जाऊ या."

अम्मांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

चार नंबरवर अप्पांनी डोळे उघडले. भुवना धावली, "अप्पा" म्हणाली. त्यांना ते ऐकू आलं नाही. ते त्या मुलाकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनी दोन्ही पाय खाटेवरून खाली सोडले.